‘प्रतिष्ठित’ पाहुण्यांना इंग्रजीत ‘प्रेस्टिजियस’ म्हणता येईल का?

प्रश्न — वाचनालयाची चिटणीस, परळ

सर्वांना नमस्कार. मी परळमधील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाची चिटणीस आहे. पुढील महिन्यात वाचनालयाचा अमृतमहोत्सव असून त्याची निमंत्रणपत्रिका आम्ही प्रथमच मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापत आहोत, कारण आमच्या जुन्या सभासदांची नातवंडे आणि गिरण्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतींमध्ये राहावयास आलेली बरीचशी मंडळी मराठी वाचत नाहीत.

मराठी मजकुरात मी ‘प्रमुख पाहुणे’ या शब्दांनंतर ‘प्रतिष्ठित शल्यविशारद’ असे लिहून मग डॉक्टरांचे नाव घातले होते. त्याचा इंग्रजी मजकूर करताना मी ‘प्रेस्टिजियस सर्जन’ असे लिहिले. ‘परिसरातील प्रतिष्ठित नागरिक’ यासाठीही तोच शब्द वापरला आणि शेवटी ‘सर्व प्रतिष्ठित सभासदांनी उपस्थित राहावे’ या विनंतीतही तोच आला. याशिवाय, आमच्या वाचनालयाला काही वर्षांपूर्वी मिळालेल्या एका ‘प्रतिष्ठित पुरस्काराचा’ उल्लेख पत्रिकेत आहे, तेथेही ‘प्रेस्टिजियस’ हाच शब्द आहे. थोडक्यात, एका पानावर तो शब्द चार वेळा आला आहे, हे मला आता लिहिताना जाणवते आहे.

काल मुद्रणालयातून प्रूफ आले. अक्षरजुळणी करणाऱ्या गृहस्थांनी पहिल्या तीन ठिकाणी त्या शब्दाखाली शिसपेन्सिलीने नागमोडी रेघ ओढून समासात प्रश्नचिन्ह घातले आहे. चौथ्या ठिकाणी, म्हणजे पुरस्काराच्या आधी, मात्र काहीच खूण नाही. मी दूरध्वनी करून विचारले, तेव्हा ते म्हणाले, “बाई, तीस वर्षे लग्नपत्रिका आणि स्मरणिका जुळवतो आहे. तीन ठिकाणी कानाला खटकले, एका ठिकाणी नाही. कारण विचाराल तर मला सांगता येणार नाही.”

यावर आमच्या कार्यकारिणीत अर्धा तास चर्चा झाली. खजिनदारांचे म्हणणे असे की, कोशात ‘प्रतिष्ठित’ हा अर्थ दिलेला आहे, तेव्हा शंकेचे कारण नाही. अध्यक्षांनी ‘एमिनंट’ सुचवले आणि दुसऱ्या एका सदस्यांनी उत्साहाने प्रुफावरच ते लिहिले, पण लिहिताना ‘इमिनंट’ असे लिहिले. तिसऱ्या सदस्यांना ‘रेप्युटेड’ हवे आहे. गुरुवारी पत्रिका छपाईला जाणार आहे. अक्षरजुळणी करणाऱ्यांच्या कानाला जे कळले ते नियमात सांगता येईल का, आणि पाहुण्यांसाठी नेमका कोणता शब्द योग्य ठरेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ — निवृत्त इंग्रजी शिक्षक, दादर

चिटणीसबाई, त्या गृहस्थांचा कान उत्तम आहे आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी खूण न केलेल्या चौथ्या जागेत आहे.

आजच्या रूढ इंग्रजीत ‘प्रेस्टिजियस’ हे विशेषण बहुतेक वेळा अशा गोष्टीला लागते, जिच्याशी संबंध जोडला गेला असता माणसाचा मान वाढतो. पुरस्कार, विद्यापीठ, शिष्यवृत्ती, पद, क्लबाचे सभासदत्व, स्पर्धा, इतकेच काय राहण्याचा पत्ता, या सर्वांना तो शब्द शोभतो. मलबार हिलचा पत्ता ‘प्रेस्टिजियस’ असतो, पण तेथे राहणारा रहिवासी ‘प्रेस्टिजियस’ नसतो. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या दख्खनच्या राणीला ‘प्रेस्टिजियस’ गाडी म्हणता येईल, परंतु तिच्यातून रोज पुण्याहून ये-जा करणाऱ्या पासधारकाला ते विशेषण लावता येणार नाही, मग तो कितीही मोठ्या हुद्द्यावर असो. १९३४-३५ च्या पहिल्या हंगामात मुंबईने जिंकलेला रणजी करंडक ‘प्रेस्टिजियस’, पण तो जिंकून देणारा फलंदाज ‘प्रेस्टिजियस’ नव्हे.

आपली चूक इंग्रजी कच्चे असल्यामुळे झालेली नाही, ती मराठीमुळे झाली आहे. ‘प्रतिष्ठित’ हा आपला शब्द मूळचा माणसांचा आणि घराण्यांचा आहे. ‘गावातील प्रतिष्ठित मंडळी’, ‘प्रतिष्ठित कुटुंब’ असेच आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. वस्तूंसाठी मराठीत वेगळी सोय होती आणि अजूनही आहे, ती म्हणजे ‘प्रतिष्ठेचा’. निवडणुकीतील लढत प्रतिष्ठेची होते, कोणी एखादा प्रश्न प्रतिष्ठेचा करतो, पुरस्कारही प्रतिष्ठेचा असतो. अलीकडे वर्तमानपत्रांतून ‘प्रतिष्ठित पुरस्कार’, ‘प्रतिष्ठित स्पर्धा’ असे सर्रास येते. माझ्या मते ही इंग्रजी बातमी घाईने मराठीत उतरवल्याची खूण आहे. त्यामुळे आता आपल्याकडे एकच शब्द माणूस आणि पुरस्कार अशा दोघांच्या डोक्यावर बसला आणि उलट भाषांतर करताना आपण तो तसाच इंग्रजीत नेतो.

यातूनच एक सोपी कसोटी निघते आणि ती मी शाळेत अनेक वर्षे वापरली. इंग्रजी शब्दाच्या जागी मराठीत ‘प्रतिष्ठेचा’ घालून पाहावे. ‘प्रतिष्ठेचा पुरस्कार’ हे नीट वाटते, तेव्हा तेथे ‘प्रेस्टिजियस’ चालेल. ‘प्रतिष्ठेचा शल्यविशारद’ म्हटले की हसू येते, तेव्हा तेथे चालणार नाही. ‘माझे वडील’ या निबंधात दरवर्षी निदान दोन-तीन वह्यांत वडील ‘प्रेस्टिजियस मॅन’ असत. मी लाल शाईने खोडण्याऐवजी त्या मुलाला उभे करून “प्रतिष्ठेचे वडील” असे मोठ्याने म्हणावयास लावीत असे. वर्ग हसे आणि ती चूक त्या मुलाकडून पुन्हा होत नसे. (आता वाटते, मुलाला उभे न करताही हे साधले असते.)

आता पाहुण्यांविषयी. माणसांसाठी इंग्रजीत एकच शब्द नाही, मोठेपणाचा प्रकार पाहून शब्द निवडावा लागतो. ज्याने आपल्या विद्येत किंवा व्यवसायात इतरांपेक्षा वरचे स्थान मिळवले आहे आणि त्याच क्षेत्रातील माणसे ज्याला मानतात, तो ‘एमिनंट’. वैद्य, वकील, इतिहासकार, शास्त्रज्ञ यांना हा शब्द सहज लागतो. ‘डिस्टिंग्विश्ड’ या शब्दात दीर्घ आणि उल्लेखनीय कामगिरीची छटा आहे, शिवाय माणसाच्या दिसण्या-वागण्यातील भारदस्तपणाही त्याने सुचवता येतो. ‘रिनाउन्ड’ म्हणजे दूरवर कीर्ती पसरलेला, तेथे लोकांना नाव ठाऊक असणे महत्त्वाचे. (लिहिताना या शब्दात ‘नो’ या क्रियापदाचा ‘के’ घुसवण्याची चूक फार होते, त्याचा तेथे काहीही संबंध नाही.) ‘इलस्ट्रियस’ हा भारी शब्द आहे. तो पूर्वजांना, थोर परंपरेला, एखाद्याच्या संपूर्ण कारकिर्दीला शोभतो, समोर खुर्चीत बसलेल्या डॉक्टरांना तो अंगरख्यासारखा ढगळ होईल.

दोन्ही शब्द एका वाक्यात कसे नांदतात ते पाहावयाचे असेल तर विंदा करंदीकरांचे उदाहरण घ्यावे. ‘एमिनंट’ मराठी कवी विंदा करंदीकर यांना २००३ सालचा ‘प्रेस्टिजियस’ ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, हे वाक्य इंग्रजीत निर्दोष आहे. विशेषणांची अदलाबदल केली तर कवी बिघडतो आणि पुरस्कारही जरा अवघडून उभा राहतो.

आपल्या डॉक्टरांसाठी ‘एमिनंट सर्जन’ योग्य आहे. नागरिकांसाठी ‘प्रॉमिनंट सिटिझन्स’ म्हणावे. सभासदांना मात्र कोणतेही विशेषण लावू नये. मराठीत ‘सर्व प्रतिष्ठित सभासद’ हा पत्रिकेचा जुना रिवाज आहे, तो इंग्रजीत नेला की दोन रुपये दंड भरून पुस्तक परत करणाऱ्या सभासदालाही आपण थट्टा करतो आहोत असे वाटेल.

प्रतिसाद २ — जुने कोश चाळणारा, गिरगाव

मास्तरांनी दिलेली कसोटी मी माझ्या वहीत उतरवून घेतली आहे. तिच्या जोडीला या शब्दाचे कुळ सांगावेसे वाटते, कारण ते जितके मानाचे वाटते तितके नाही.

लॅटिनमध्ये ‘प्रेस्टिगियम’ म्हणजे भ्रम, हातचलाखी. त्याच्या मुळाशी जे क्रियापद मानले जाते त्याचा अर्थ घट्ट बांधणे, डोळे दिपवणे असा आहे. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची फारशी गरजच नाही, कारण गारुड्याच्या खेळाला आपण नेमके ‘नजरबंदी’ म्हणतो. दोन दूरच्या भाषांनी जादूगाराच्या कामाचे वर्णन ‘डोळे बांधणे’ या एकाच क्रियेने करावे, याचे मला फार कौतुक वाटते. सोळाव्या शतकात ‘प्रेस्टिजियस’ इंग्रजीत आला तो याच अर्थाने, म्हणजे फसवा, मायावी, नजरबंदी करणारा. त्या काळी एखाद्याला ‘प्रेस्टिजियस’ म्हटले असते तर त्याने खिशातील पाकीट चाचपून पाहिले असते.

‘प्रेस्टिज’ हे नाम इंग्रजीत सतराव्या शतकात फ्रेंचमधून आले, तेही भ्रम याच अर्थाने. एकोणिसाव्या शतकात त्याचा अर्थ पालटला. नेपोलियनच्या नावाभोवती जे दिपवून टाकणारे वलय होते, तशा प्रकारच्या प्रभावाला हा शब्द लागू लागला आणि पुढे वलयातील फसवेपणा विसरला जाऊन केवळ मान उरला. विशेषण आणखी मागे राहिले. आजच्या मानाच्या अर्थाने ते रुळले विसाव्या शतकात, म्हणजे तो अर्थ जेमतेम शंभर वर्षांचा आहे. चिटणीसबाई, आपले वाचनालय पंचाहत्तर वर्षांचे, तेव्हा या अर्थाला आपल्यापेक्षा फार वडील समजण्याचे कारण नाही.

याच्या उलट आपला ‘प्रतिष्ठा’ हा शब्द. त्यात ‘स्था’ हा धातू आहे, उभे राहणे, स्थिर होणे. भाद्रपद चतुर्थीला घरोघरी मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते तेव्हा देव त्या जागी स्थिर झाला, असा अर्थ असतो. सातवाहनांची राजधानी असलेल्या पैठणचे जुने नाव ‘प्रतिष्ठान’, तेही याच धातूवरून. एक शब्द पाय रोवून उभा राहण्याचा आणि दुसरा डोळे दिपवण्याचा. आपण कोशात त्यांना एकमेकांसमोर बसवले खरे, परंतु त्यांची जन्मगावे वेगळी आहेत. माणसाला ‘प्रेस्टिजियस’ न लागण्याचे हेच कारण आहे असा दावा मी करीत नाही, कारण वापर व्युत्पत्तीला विचारून चालत नसतो. पण पुरस्काराचे किंवा पत्त्याचे तेज दुसऱ्याच्या अंगावर पडते, ही जी छटा मास्तरांनी सांगितली, तिच्यात जुन्या झगमगाटाचा काही अंश मला दिसतो.

जाता जाता उच्चाराविषयी. मी वर मराठीत रूढ झालेले ‘प्रेस्टिजियस’ असेच लिहिले, परंतु इंग्रजीत हा शब्द तीन अवयवांचा आहे, ‘प्रे-स्टि-जस’, आणि जोर मधल्या अवयवावर. नामाचा शेवट मात्र ‘झ’कडे झुकतो, साधारण ‘प्रेस्टीझ’ असा. आपल्या स्वयंपाकघरांत कुकरच्या नावामुळे ‘प्रेस्टीज’ इतका पक्का बसला आहे की तो बदलण्याच्या फंदात मी पडत नाही. समारंभात सूत्रसंचालकांनी विशेषण तेवढे तीन अवयवांत म्हणावे.

प्रतिसाद ३ — कायद्याच्या कागदपत्रांचा अनुवादक, फोर्ट

वरील दोन्ही प्रतिसाद वाचून झाल्यावर मला राहिलेल्या दोन शब्दांविषयी लिहावयाचे आहे, ‘इमिनंट’ आणि ‘रेप्युटेड’. माझ्या टेबलावर हे दोघेही रोज येतात आणि दोघांनीही मला केव्हा ना केव्हा अडचणीत आणले आहे.

‘एमिनंट’ आणि ‘इमिनंट’ ही सख्खी भावंडे आहेत, फक्त उपसर्ग वेगळे. पहिल्याचा मूळ अर्थ पृष्ठभागातून वर उठून दिसणे. शरीरशास्त्रात तो अर्थ आजही शाबूत आहे. तळहातावर अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो, ज्याला हात पाहणारे शुक्राचा उंचवटा म्हणतात, त्याला डॉक्टर ‘थीनर एमिनन्स’ म्हणतात. आपल्या प्रमुख पाहुण्यांना हे तोंडपाठ असेल. दुसऱ्याचा, म्हणजे ‘इमिनंट’चा, मूळ अर्थ डोक्यावर लोंबकळणे, आणि म्हणून कोणत्याही क्षणी येऊन कोसळेल असे. पावसाळ्यापूर्वी जुन्या उपकरप्राप्त इमारतींना नोटिसा लागतात तेव्हा ‘इमिनंट’ हा शब्द त्या इमारतीच्या कोसळण्याविषयी येऊ शकतो. तेव्हा प्रुफावर जे ‘इमिनंट सर्जन’ लिहिले गेले आहे त्याचा अर्थ ‘आता अंगावर येऊन पडतील असे शल्यविशारद’ इतकाच होतो. वाचनालयाच्या समारंभास यापूर्वी कोणी इतक्या भीतीने आले नसेल. संगणकाचा शब्दतपासनीस ही चूक पुष्कळदा पकडत नाही, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत, म्हणून ती डोळ्यांनीच पकडावी लागते. माझ्याकडे एका करारनाम्याच्या मसुद्यात ती शेवटच्या वाचनापर्यंत टिकून राहिली होती.

‘रेप्युटेड’ची गोष्ट अधिक नाजूक आहे. आपल्याकडे नोकरीच्या आणि विवाहाच्या जाहिरातींत ‘रेप्युटेड कंपनी’, ‘रेप्युटेड फॅमिली’ म्हणजे नावलौकिक असलेली, असा अर्थ पक्का झाला आहे आणि भारतीय इंग्रजीपुरता तो समजलाही जातो. परंतु या शब्दाचा दुसरा अर्थ ‘लोक तसे मानतात, खरे काय ते ठाऊक नाही’ असा आहे आणि इंग्लंड-अमेरिकेतील वाचकाच्या मनात बहुधा तोच आधी येतो. कायद्याच्या भाषेत तर तो स्पष्टच आहे. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन शहरांसाठी केलेल्या १९०९ च्या प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी कायद्यात ‘रेप्युटेड ओनर’ अशी संज्ञा आहे. माल दुसऱ्याचा असतो, पण खऱ्या मालकाच्या संमतीने तो दिवाळखोराच्या दुकानात अशा रीतीने पडलेला असतो की जगाला तोच मालक वाटावा. अशा वेळी त्या दिवाळखोराला ‘रेप्युटेड ओनर’ म्हणतात. तेव्हा ‘रेप्युटेड सर्जन’ वाचून एखादा परदेशस्थ नातू ‘हे गृहस्थ शल्यविशारद आहेत असे म्हणतात’ असा अर्थ घेऊ शकेल. विश्वासार्ह, चांगल्या नावाचा, एवढेच सांगावयाचे असेल तर ‘रेप्युटेबल’ हा शब्द आहे. तो दुकानाला, पेढीला किंवा मुद्रणालयाला चांगला बसतो, पण प्रमुख पाहुण्यांसाठी तो थोडा थिटा पडतो.

‘डिस्टिंग्विश्ड’विषयी मास्तरांच्या म्हणण्याला सरकारी भाषेतून पुरावा देता येतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी ज्या पात्रता दिल्या आहेत, त्यांतील एक राष्ट्रपतींच्या मते ‘डिस्टिंग्विश्ड ज्युरिस्ट’ असणे ही आहे. १९५४ साली सुरू झालेल्या पद्म पुरस्कारांतही हाच शब्द पायऱ्यांनी चढत जातो. पद्मश्री ‘डिस्टिंग्विश्ड’ सेवेसाठी, पद्मभूषण उच्च श्रेणीच्या ‘डिस्टिंग्विश्ड’ सेवेसाठी आणि पद्मविभूषण ‘एक्सेप्शनल’ व ‘डिस्टिंग्विश्ड’ सेवेसाठी. येथे विशेषण सेवेला लावले आहे, कारण पुरस्कार माणसाच्या कामाला द्यावयाचा आहे.

मात्र ‘एमिनंट’ फक्त माणसांनाच लागतो असे कोणी समजू नये. २०१८ साली केंद्र सरकारने पवईच्या आयआयटीला ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स’ हा दर्जा दिला, म्हणजे नामरूपात तो संस्थेलाही चालतो. हीच संस्था आपल्या नामवंत माजी विद्यार्थ्यांना जो पुरस्कार देते त्याच्या नावात मात्र ‘डिस्टिंग्विश्ड’ आहे. पुरस्कार ‘प्रेस्टिजियस’, घेणारा ‘डिस्टिंग्विश्ड’ आणि देणारी संस्था ‘एमिनन्स’वाली, अशी तिन्ही शब्दांची वाटणी पवईच्या एकाच आवारात झालेली आहे.

प्रतिसाद ४ — विद्यार्थिनी, कलिना

मास्तरांच्या कसोटीशी मी सहमत आहे, परंतु ‘माणसाला कधीच लागत नाही’ असा अर्थ कोणी घेऊ नये म्हणून हे लिहिते. मानववंशशास्त्राच्या आणि मानसशास्त्राच्या लेखनात ‘प्रेस्टिजियस इंडिव्हिज्युअल्स’ हा प्रयोग नियमाने आढळतो. जोसेफ हेन्रिक आणि फ्रान्सिस्को गिल-व्हाइट यांनी २००१ साली मांडलेल्या विचारात ‘प्रेस्टिज’ आणि ‘डॉमिनन्स’ यांत भेद केला आहे. ज्याच्या धाकाने लोक दबतात त्याच्याकडे ‘डॉमिनन्स’ असतो, आणि ज्याच्या कौशल्यामुळे लोक आपण होऊन त्याच्याजवळ जातात, त्याचे पाहून शिकतात, त्याला मान देतात, त्याच्याकडे ‘प्रेस्टिज’ असते. या अर्थाने एखाद्या वस्तीतील निष्णात शिकारी किंवा सुईण ‘प्रेस्टिजियस’ असते. भाषाविज्ञानातही बोलींच्या संदर्भात हा शब्द येतो. प्रमाण मराठीला जो मान आहे आणि मालवणीला किंवा आगरीला जो दिला जात नाही, त्याची चर्चा ‘प्रेस्टिज’ याच संज्ञेखाली होते.

ही पारिभाषिक भाषा आहे, निमंत्रणपत्रिकेत ती नको, हे मला मान्य आहे. पण खजिनदारकाकांची बाजू अगदीच चुकीची नव्हती, एवढे त्यांना कळवावे. कोशात शब्दाचा अर्थ सापडतो, त्याचे शेजारी कोण ते सहसा सापडत नाही. मी स्वतः लिहिताना शब्दाचा अर्थ पाहण्याऐवजी त्याच्यासोबत कोणती नामे येतात ते पाहते आणि त्यासाठी चांगल्या विद्यार्थीकोशातील उदाहरणवाक्येच अधिक उपयोगी पडतात.

प्रश्नकर्ती — वाचनालयाची चिटणीस, परळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी कार्यकारिणीत मी हे सारे प्रतिसाद वाचून दाखवले. ‘अंगावर येऊन पडतील असे शल्यविशारद’ येथे ज्यांनी तो शब्द लिहिला होता तेच सर्वांत मोठ्याने हसले. खजिनदारकाकांना कलिन्याच्या विद्यार्थिनीचा निरोप पोहोचवला. ‘पाहा, मी म्हणत होतो,’ असे म्हणून त्यांनी लगेच ‘एमिनंट’ला संमती दिली.

सभासदांचे विशेषण काढले. नागरिकांना ‘प्रॉमिनंट’ केले. पुरस्काराला ‘प्रेस्टिजियस’ ठेवला. डॉक्टरांच्या नावापुढे ‘एमिनंट सर्जन’ लिहून त्याखाली त्यांनी किती वर्षे परळच्याच रुग्णालयात विद्यार्थ्यांना शिकवले ते एका ओळीत घातले, कारण अध्यक्षांना वाटले की आमच्या भागातील लोकांना विशेषणापेक्षा ते अधिक ओळखीचे वाटेल.

एक शंका राहिली. आभारप्रदर्शन करणारे सदस्य इंग्रजीतही दोन वाक्ये बोलणार आहेत आणि त्यांना पाहुण्यांच्या ‘ऑगस्ट प्रेझेन्स’चा उल्लेख करावयाचा आहे. कार्यक्रम सप्टेंबरात आहे, त्यामुळे श्रोते गोंधळतील अशी एकांची तक्रार आहे.

प्रतिसाद ५ — निवृत्त इंग्रजी शिक्षक, दादर

श्रोते गोंधळणार नाहीत, पण उच्चार सांभाळावा लागेल. महिन्याच्या नावात जोर पहिल्या अवयवावर आहे आणि विशेषणात दुसऱ्यावर, तेथे ‘गस्ट’ ठसठशीत ऐकू आला पाहिजे. दोन्हींचे मूळ एकच, रोमन सम्राट ऑगस्टस याच्या बिरुदात. पूज्य, भारदस्त असा त्याचा अर्थ आणि त्याच्याच सन्मानार्थ महिन्याला ते नाव मिळाले. आपल्याकडे हा शब्द टिकला तो मुख्यतः सभागृहांमुळे. विधिमंडळात आणि संसदेत सदस्य इंग्रजीत बोलताना सभागृहाला ‘ऑगस्ट हाउस’ म्हणतात, तेथे तो शोभतोही. परळच्या वाचनालयात, पंख्याखाली लाकडी खुर्च्यांवर बसलेल्या आपल्याच माणसांसमोर तो शब्द उगाच फेटा बांधून आल्यासारखा वाटेल. ‘आपण आलात, आम्हाला आनंद झाला’ याचे साधे इंग्रजी करावे.

प्रश्नकर्ती — वाचनालयाची चिटणीस, परळ

सर, तसेच ठरले. आज दुपारी दुसरे प्रूफ आले. इंग्रजी बाजू कोरी आहे, एकही खूण नाही. पेन्सिलीची नागमोडी रेघ या वेळी मराठी बाजूला आहे, ‘प्रतिष्ठित पुरस्कार’ या शब्दांखाली, आणि समासात बारीक अक्षरांत ‘प्रतिष्ठेचा?’ असे लिहिले आहे. त्या गृहस्थांनी आपला प्रतिसाद वाचलेला नाही, मी त्यांना मुद्दाम विचारून घेतले. दुरुस्ती मान्य करून प्रूफ परत पाठवले आहे.